रविवारी माशेलला : उपकरणे वापरून बघायला या

सदस्यहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता माशेलच्या नेहमीच्या खोलीत जमायचे आहे. आपले दोन सदस्य स्वतः घडवलेली उपकरणे घेऊन येतील.

पहिले खाजन शेतीसाठी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांसाठी. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार भरती-ओहोटीच्या दाबावर आपोआप मिटते-उघडते. पण फळी कुजली की खारे पाणी शेतात शिरते, आणि कळेपर्यंत भात करपलेला असतो. हा सेन्सर पाण्याचा खारटपणा मोजून थेट एसएमएस पाठवतो. इंटरनेट लागत नाही, हे मला सर्वात मोलाचे वाटते. शेती असलेल्यांनी नक्की या. तुमच्याशिवाय याची खरी परीक्षा होणार नाही.

दुसरे, वेळेवर गोळ्यांची आठवण करणारा बोलका डबा. घरातल्या आजी-आजोबांना सोबत आणा.

- नुसते "छान" म्हणू नका, कुठे अडले ते सांगा.
- घरी पडून असलेले आर्दुइनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड), जुने चार्जर, बॅटऱ्या आणा.
- सुट्या भागांसाठी १०० रुपये, ऐच्छिक.
- बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय फोटो किंवा कोड बाहेर पाठवू नये. हा नियम सर्वांना लागू.

शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवा, चहाची सोय करायची आहे.