बाळंतिणीची साखर पुन्हा कोण तपासणार?

संपादक महोदय,

माझ्या सुनेला सातव्या महिन्यात गरोदरपणातील मधुमेह निघाला, तेव्हा ठाण्यातील एका खासगी प्रयोगशाळेने साखरेच्या जोडीला आयकॅम-1, व्हीकॅम-1 आणि ई-सिलेक्टिन या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील रेणूंचाही चार पानी अहवाल हातात ठेवला. व्हीकॅमच्या आकड्यापुढे तांबड्या शाईत 'वाढलेले' असे छापले होते आणि त्या एका शब्दाने घरातल्या सर्वांची झोप उडाली.

मी स्वतः प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली असल्याने याविषयी लिहीत आहे. साखर वाढली की रक्तवाहिन्यांचे आतले नाजूक अस्तर दुखावते, त्यावरील हे रेणू सुटून रक्तात उतरतात आणि म्हणून संशोधक ते मोजतात. परंतु गरोदर स्त्रीवर उपचार ठरवण्यासाठी त्यांची सर्वमान्य मर्यादा अद्याप नाही. अस्तराच्या इजेचाच निदर्शक मानला जाणारा वॉन विलेब्रांड घटक (रक्त गोठायला मदत करणारे प्रथिन) तर निरोगी गरोदरपणातही वाढतो. मग 'वाढलेले' म्हणायचे ते कोणाच्या तुलनेत? एसएफएलटी-1 आणि पीएलजीएफ या वारेतून आईच्या रक्तात येणाऱ्या प्रथिनांच्या गुणोत्तराची गोष्ट निराळी, त्याला ठरलेली मर्यादा आहे. प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर विकाराची, शंका असताना ते 38 किंवा त्याहून कमी आले, तर पुढच्या आठवडाभरात तो उद्भवण्याची शक्यता फार थोडी असते.

याउलट 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची साधी चाचणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा करायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते. अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो, हृदयविकाराचाही वाढतो. तरीही गरोदरपणी नेमाने रक्त द्यायला येणाऱ्या बायका बाळंतपणानंतर आमच्या खिडकीशी क्वचितच दिसत. बाळंतीण माहेरी जाते, फाइल ठाण्यातच राहते, आणि डिंकाचे लाडू मात्र वेळेवर पोहोचतात!

बाळाच्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरील) लसीची पहिली मात्रा सहाव्या आठवड्यातच असते. त्याच दिवशी, त्याच केंद्रात आईला उपाशीपोटी बोलावून ही चाचणी उरकता येईल. मधल्या दोन तासांत तिला बाळाला पाजताही येईल. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी बाळाच्या लसीकरण कार्डावर आईच्या साखरेसाठी एक ओळ छापावी, म्हणजे माहेरी चिपळूणला गेलेल्या बाळंतिणीलाही तिथली परिचारिका कार्ड पाहून विचारील.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
नौपाडा, ठाणे