दोन राज्यांतलं एक गाव आणि आमची चौदा गावं

संपादक महोदय,
स. न.

शिळफाट्याजवळची चौदा गावं नवी मुंबई महापालिकेत असावीत की नसावीत, हा वाद आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही रंगतो. माझं माहेर त्यांतल्याच एका गावातलं. आधी आत, मग बाहेर, आता पुन्हा आत. त्यावरून जर्मनीतल्या एका गावाबद्दल लिहावंसं वाटलं.

भाचा हॉफला शिकतो. त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याने जवळच्या म्योडलारॉइटला नेलं. जेमतेम पन्नास माणसांची वस्ती. उतरत्या छपरांची घरं, एक तळं, भोवती शेतं-कुरणं आणि मधून टानबाख नावाचा ओढा. ओढा कसला, साडी चार बोटं वर धरली की पलीकडे! १८१० मध्ये तो बव्हेरियाचं राज्य आणि रॉइस संस्थान यांची हद्द ठरला. त्या हद्दीचे दगड अजून काठावर दिसतात. गावाचं मात्र त्याने काही अडलं नव्हतं. शाळा आणि खानावळ रॉइसच्या काठाला, चर्चला जायचं ते बव्हेरियातल्या ट्योपेनला.

अडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बव्हेरियाचा काठ अमेरिकेच्या ताब्यात, रॉइसचा सोव्हिएत रशियाच्या; तोच पुढे पूर्व जर्मनीत गेला. पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये कुंपण घातलं आणि १९६६ मध्ये गावाच्या मधोमध ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंतच उभी केली. पूर्वेकडच्यांना पलीकडच्या माणसांना नुसता हात करायलाही बंदी. पश्चिमेकडून मात्र हे बघायला लोक यायचे. १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश येऊन गेले. अमेरिकी सैनिक या गावाला 'छोटं बर्लिन' म्हणत. खऱ्या बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. इथे पायवाट मिळायला ९ डिसेंबर उजाडला. पुढच्या जूनमध्ये भिंत पाडली, पण तिचा एक तुकडा, टेहळणीचा मनोरा आणि तारेचं कुंपण जागच्या जागी राखून संग्रहालय केलं आहे. हॉफला कुणाची मुलं असतील त्यांनी जरूर पाहावं.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. देश एक झाला तरी हे गाव कागदावर आजही दोनच. अर्धं बव्हेरिया राज्यात, जुन्या रॉइसकडचं अर्धं थुरिंगिया राज्यात. पिनकोड दोन, गाड्यांच्या नंबरपट्ट्या दोन तऱ्हेच्या, सरपंच म्हणा की नगराध्यक्ष म्हणा, तेही दोन. आणि ओढ्यावर कुणी कुणाला अडवत नाही.

आमच्या गावांना भिंत नाही, पारसिकचा डोंगर आहे, नि त्याहून मोठा डोंगर कागदांचा. भाचीला एका साध्या दाखल्यासाठी एका कार्यालयाने दुसरीकडे धाडलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. 'तुमचं गाव आमच्याकडे येत नाही,' हे दोन्हीकडे सारख्याच सुरात ऐकायला मिळालं. हद्द कुठेही आखा हो, माझी हरकत नाही. पण हद्दीच्या ज्या बाजूला माणूस उभा आहे, तिथे त्याचं काम झालं पाहिजे, एवढं तरी आत-बाहेरवाल्या दोन्ही गटांनी मिळून मागावं.

आणि आपल्याला एक विनंती. आपला वार्ताहर एकदा सकाळी सातला शिळफाट्यावर पाठवा. कॉलेजच्या मुलांना बस किती वेळाने मिळते ते त्याने घड्याळ लावून बघावं आणि आपण ते छापावं.

— एक वाचक, ऐरोली