ब्युरेट कशाने विसळाल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की 'पदवीनंतर पुढे काय' ही सदरे सुरू होतात. रसायनशास्त्राच्या वाट्याला त्यात ठरलेल्या दोन ओळी येतात: शिक्षक व्हा, नाहीतर औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लागा. मी बावीस वर्षे क्यूसीतच काढली, तेव्हा त्या कामाला नावे ठेवणार नाही. पण बरीच मुले तिथे येतात ती दुसरे काही असते हे ठाऊकच नसल्यामुळे.

मुलाखत घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. टायट्रेशनच्या (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्यातला पदार्थ मोजण्याच्या) आधी ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची तोटीची मापननळी, शेवटी त्यातच भरायच्या द्रावणाने विसळतात, मग शंकूपात्र नुसत्या पाण्याने का? लांबलचक अभिक्रिया धडाधड लिहिणारी मुले इथे अडखळत. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण पातळ होते. शंकूपात्रात मात्र पाणी असले तरी पिपेटने (ठरावीक माप घेण्याच्या नळीने) सोडलेला पदार्थ तेवढाच राहतो. हे ज्याला उमगले त्याला मोजमाप कळले, आणि अशा माणसाची गरज पुष्कळ ठिकाणी असते.

सुगंध आणि स्वादाच्या उद्योगाचेच घ्या. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, टोकाशी नाक लावून माणूस बसतो. कधीकधी डिटेक्टरच्या आलेखावर साधा उंचवटाही नसतो, पण नाकाला मात्र वास स्पष्ट जाणवतो. तो कोणत्या मिनिटाला आला आणि कशासारखा होता, हे लगेच टिपायचे. माझा एक जुना सहकारी या कामात रमला. सर्दी झाली की त्याला यंत्रापासून हक्काची सुट्टी!

वाचायची-लिहायची आवड असेल तर पेटंटचे काम आहे. दाव्यात 'यांचा समावेश असलेले मिश्रण' म्हटले की 'फक्त यांचेच बनलेले मिश्रण', एवढ्यावरून हक्काची हद्द बदलते. ते ताडायला भाषा आणि रसायन दोन्ही लागतात. रसायनांच्या सुरक्षा-माहितीपत्रकाचे सोळा भाग असतात, तेही कुणीतरी जाणत्यानेच लिहावे लागतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) काही तासांत कळतो, बीओडीच्या (जिवाणूंना ती घाण पचवायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) नेहमीच्या चाचणीला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर प्लांट कसा चालवायचा हे केमिस्टला विचारतात. रंगाच्या कारखान्यातले शेड मॅचिंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, उपकरणांची विक्री आणि देखभाल हेही आहेच.

मूलभूत संशोधनाची ओढ असेल तर मात्र नुसत्या पदवीवर भागत नाही. पीएच.डी.ची वर्षे आधीच हिशेबात धरावीत; हे मुलांना कुणी वेळेवर सांगत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी पगाराच्या तक्त्याऐवजी यातल्या एखाद्या कामाचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस छापावा. जागा कमी पडली तर त्या ठरलेल्या दोन ओळी गाळल्या तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट