शनायाताईंना पत्र: आवाज का गेला ते नीट सांगितल्याबद्दल

प्रिय शनाया ट्वेन,

पुढे 'ताई' म्हणू, कारण मराठीत पत्र लिहायचं तर नुसतं नाव घेणं जिभेवर येत नाही. तुम्ही कॅनडातल्या टिमिन्सच्या गायिका, आम्ही इकडे गाणं शिकवणारे आणि आवाजाच्या तक्रारींवर उपचार करणारे. तुमच्या गाण्यांचं कौतुक करायला जगभर माणसं आहेत, त्यामुळे ते इथे नको. तुमचा आवाज गेला तेव्हा तो कशाने गेला, कारण सापडायला किती वर्षं लागली आणि परत आला तो कोणत्या वाटेने, हे तुम्ही चारचौघांत, आडपडदा न ठेवता सांगितलंत. हे आभार त्याचे.

तुमची कहाणी बहुतेकदा 'संकटांवर मात' या एका साच्यात घालून सांगतात. 1987 साली आई-वडील मोटार अपघातात गेले, तेव्हा तुम्ही 22 वर्षांच्या होतात. धाकट्या भावंडांना सांभाळायला हंट्सव्हिलच्या डिअरहर्स्ट रिसॉर्टमध्ये रोज रात्री गायलात. 1993 चा पहिला अल्बम पडला, त्यात तुमची स्वतःची गाणी जवळपास नव्हतीच. दुसऱ्यापासून लेखणी हातात घेतलीत आणि 1997 च्या तिसऱ्या अल्बमच्या 4 कोटींच्या घरात प्रती खपल्या. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा क्रम.

2003-04 च्या दौऱ्याच्या काळात घोड्यावर रपेट करताना तुम्हाला गोचीड चावली आणि लाइम हा आजार झाला. रंगमंचावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. आजार आटोक्यात आला, पण आवाज हळूहळू हाताबाहेर गेला. 2008 मध्ये नवऱ्याशी फारकत झाली, तीही जिवलग मैत्रिणीमुळे. म्हणजे आवाज आधी बिघडला आणि संसार नंतर मोडला. बघणाऱ्यांनी मात्र क्रम उलटा लावला: दुःख झालं, म्हणून कंठ दाटला. तुम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मज्जातंतूंना इजा झाली आहे हे डॉक्टरांना कळायला सात वर्षं लागली, असं तुम्ही सांगितलंत. घरच्या कुत्र्याला लांबून हाक मारता येत नव्हती, हेही सांगितलंत. आवाजाच्या रुग्णाची इतकी नेमकी तक्रार पाठ्यपुस्तकातही सापडत नाही. बोलता येतं, हाक मारता येत नाही. स्वरतंतूंमधून हवा गळते आहे, याची ही पहिली खूण.

कारण असं की दोन स्वरतंतू मधोमध येऊन एकमेकांना भिडले तरच खालून येणारी हवा त्यांना थरथरवते. बाईमाणसाच्या स्वरतंतूंची लांबी जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. मंद्र सप्तकातल्या पांढरी सहाच्या (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या) स्वराला ते सेकंदाला 220 वेळा उघडमीट करतात, त्याच्या वरच्या पांढरी सहाला 440 वेळा. त्यांना हलवणारी नस अर्धवट दुबळी झाली की एक तंतू मध्यापर्यंत पोचत नाही. फट राहते, हवा निसटते. आवाज हवेशीर होतो, लवकर थकतो, जोर लावला की फाटतो. वरच्या स्वरांसाठी तंतू ताणणारा स्नायू वेगळा आणि त्याची नसही वेगळी. ती दुबळी झाली तर बोलणं ठीक राहतं आणि तार सप्तक मात्र नाहीसं होतं.

खरी फसगत यापुढे होते. फट भरून काढायला माणूस नकळत मानेचे आणि घशाचे इतर स्नायू आवळतो. हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा फुगतात, स्वरयंत्र वर चढतं. तपासणाऱ्याला समोर दिसतो तो हा ताण. 'टेन्शन घेऊ नका, आराम करा' असा सल्ला मिळतो आणि थोडा फरक पडतोही, कारण ताण खराच असतो. पण तो ताण दुखण्यावरचा जुगाड असतो, मूळ दुखणं खालीच राहतं. त्यातून रुग्णाच्या आयुष्यात घटस्फोट, मृत्यू, नोकरी जाणं असं काही घडलेलं असलं तर कुणी पुढे बघतच नाही. मनाच्या धक्क्याने आवाज जाऊ शकतो, हे खरं आहे. मात्र तसं निदान करण्याआधी नस तपासायला हवी. तुमच्या उदाहरणामुळे हे वाक्य आता आम्हाला दहा वेळा समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून तुमच्या नावावर मराठी वाचकांना काही सांगून ठेवतो. आवाज बसून तीन-चार आठवडे उलटले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. तंबाखू-सिगारेट असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर तेवढंही थांबू नये. श्वास घेताना आवाज येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तपासणीत 'स्ट्रोबोस्कोपी' आहे का, हे जरूर विचारावं. साध्या दुर्बिणीतून तंतू उघडताना-मिटताना दिसतात, पण त्यांची थरथर डोळ्यांना पकडता येत नाही. स्ट्रोबमध्ये प्रकाशाचे झोत आवाजाच्या कंपनाशी किंचित बेताल पडतात, त्यामुळे तीच थरथर संथ झाल्यासारखी दिसते आणि बारीकशी फटही सहसा सुटत नाही. डॉक्टर 'ई' धरायला सांगतील. तेवढ्यावर थांबू नये. खालून वर मींड घेऊन, म्हणजे स्वर न तोडता सरकवत नेऊन, दाखवावी, कारण अर्धवट दुबळी नस एका स्थिर स्वरात सहज लपते. शंका उरली तर स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी तपासणी, करतात.

घरी दोन साध्या गोष्टी मोजता येतात. खोल श्वास घेऊन सहज पट्टीत 'आ' लावायचा आणि घड्याळ बघायचं. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा धरायचा. निरोगी प्रौढ माणूस पंधरा सेकंदांच्या आसपास किंवा पुढे जातो. दहाच्या आत अडकलात तर हवा कुठेतरी वाया जाते आहे. दुसरी: 'साखर'मधला 'स' किती वेळ लांबवता येतो ते बघायचं, मग 'जागा'मधला 'ज'. 'स'ला स्वरतंतू लागत नाहीत, 'ज'ला लागतात. दोन्ही वेळा जवळपास सारख्या यायला हव्यात. 'स' वीस सेकंद आणि 'ज' बारा सेकंद आला तर फुप्फुसं धडधाकट आहेत, अडचण तंतूंत असू शकते. या मोजणीने निदान होत नाही. डॉक्टरांकडे जायचं की नाही, एवढंच ठरतं.

एक गोष्ट तुमच्या चाहत्यांना न आवडली तरी सांगायला हवी. लाइममुळे स्वरयंत्राची नस दुखावणं हे विरळा आहे. आपल्याकडे अशी नस दुबळी होण्यामागे बहुधा थायरॉइडची शस्त्रक्रिया, विषाणूचा संसर्ग किंवा छातीतला एखादा आजार असतो. छाती का, तर डावी नस मेंदूकडून आल्यावर थेट स्वरयंत्रात शिरत नाही. ती छातीत उतरते, महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) वळसा घालते आणि परत वर चढते. म्हणून आवाजाच्या तक्रारीसाठी छातीचा स्कॅन सांगितला तर डॉक्टर पैसे काढताहेत असं समजू नये. आणि तुमची मुलाखत बघून थेट लाइमची चाचणी करायला धावूही नये.

आता उपचार. त्यावर तुम्ही जे बोललात त्याचं मोल आम्हाला सर्वांत जास्त. 2012 च्या डिसेंबरात लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये तुम्ही दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केलात तो शस्त्रक्रियेच्या आधी, व्यायामाच्या बळावर. गायला उभं राहण्याआधी किती वेळ आवाज तापवावा लागतो, हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. स्ट्रॉ घ्यायची, पाण्याच्या ग्लासात दोन-तीन सेंटीमीटर बुडवायची आणि बुडबुडे काढत 'ऊ' लावायचा. आधी एकाच स्वरावर, मग षड्ज ते पंचम मींड घेत. दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. एकदम अर्धा तास करून उपयोग नाही. पाण्याचा उलटा दाब तंतूंना आधार देतो आणि ते एकमेकांवर न आपटता थरथरतात. बुडबुडे एकसारखे यायला हवेत; अडखळले तर श्वास तुटतो आहे, उसळून बाहेर पडले तर जोर जास्त होतो आहे. गाल फुगले तरी चालतात, मान आवळलेली चालत नाही. स्ट्रॉ जमली की ओठांची फुर्र, मग गुणगुणणं आणि मग शब्द. लोक शब्दांपासून सुरुवात करतात आणि आठवडाभरात कंटाळून सोडून देतात.

कुजबुजणं हा आराम नव्हे. बऱ्याच जणांचा घसा त्यात जास्त आवळला जातो. ज्येष्ठमध, खडीसाखर, आलं यांनी घसा ओलावतो, बरं वाटतं, खुशाल घ्यावं. पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना शिवत नाही. शिवली तर ठसका लागतो. तंतूंपर्यंत थेट पोचते ती साध्या पाण्याची वाफ.

व्यायामाने फट एका मर्यादेपर्यंतच झाकली जाते. पुढे तुम्ही मानेवरून छेद घेऊन करायची शस्त्रक्रिया करून घेतलीत आणि ती स्वरतंतूंवरच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा वेगळी असते, हेही आवर्जून सांगितलंत. हा फरक लोकांना कळणं फार गरजेचं होतं. गाठी काढायच्या तर तोंडातून जाऊन तंतूवर काम करतात. नस दुबळी असेल तेव्हा तंतूला हातही लावायचा नसतो. जपानचे शल्यविशारद इस्शिकी यांनी 1974 साली मांडलेल्या पद्धतीत स्वरयंत्राच्या कूर्चेला बाहेरून एक छोटी खिडकी पाडतात. तिच्यातून सिलिकॉनचा तुकडा किंवा गोर-टेक्स या कृत्रिम पदार्थाची पट्टी आत सरकवून दुबळ्या तंतूला मध्याकडे ढकलून ठेवतात. दुसरा तंतू मग त्याला येऊन भिडतो. जाग आहे अशाच अवस्थेत, जागा बधिर करून आणि थोडं गुंगीचं औषध देऊन, हे सहसा करतात. सर्जन पट्टी सरकवतो, रुग्णाला बोलायला लावतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. मिलिमीटरभर जास्त झालं तर आवाज कोंडल्यासारखा येतो, कमी झालं तर गळती राहते. शस्त्रक्रिया चालू असतानाच सूज चढत जाते आणि कानाला फसवते, त्यामुळे हात जलद लागतो. पहिले दिवस आवाज विचित्र येतो, घाबरायचं नसतं. श्वास अडला तर मात्र लगेच कळवायचं. काही आठवड्यांनी पुन्हा तीच स्ट्रॉ, तेच बुडबुडे. हे टाळलं तर आवळायची जुनी सवय जात नाही आणि शस्त्रक्रिया फुकट गेली असं वाटतं.

यातलं काहीही जुना आवाज परत देत नाही. 2017 चा अल्बम, आधीच्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी आलेला, ऐकला की बदललेला आवाज कळतो: खाली उतरलेला, कड खरबरीत. स्टुडिओत आज काहीही घासूनपुसून चकचकीत करता येतं. तुम्ही तो तसाच ऐकू दिलात आणि अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला. आमच्याकडे पट्टी उतरवणं म्हणजे नामुष्की समजतात. आयुष्यभर काळी चारला गायलेल्या बाईंना पांढरी चारला या म्हटलं, तर तीन स्वरांच्या त्या उतरणीवर रडारड होते. तुमचं रेकॉर्डिंग लावलं की वाद मिटतोच असं नाही, पण निदान ऐकून तरी घेतात.

त्यानंतर करोनातला न्यूमोनिया झाला, जिनिव्हाच्या तळ्याकाठच्या घरून हवाई रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावं लागलं. आणि 30 जून 2024 ला इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर तुम्ही उभ्या होतात. फुप्फुसाच्या आजारातून उठलेल्या गायिकेला श्वासाची लांबी पुन्हा सेकंद-सेकंद वाढवावी लागते. तिथे तुम्ही वाक्य कुठे तोडता, ते आमच्यापैकी काहींनी वही घेऊन ऐकलं आहे.

तुमचे आभारी,
गाणं शिकवणारे आणि आवाजावर उपचार करणारे काहीजण

ता. क. गोचिडीबद्दल वाचणारे हमखास विचारतील, म्हणून. लाइम आपल्याकडे क्वचितच आढळतो. पण दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आणि गोव्यात सत्तरीकडे गोचिडीतून माकडताप पसरलेला आहे. अंगाला चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये, चिरडू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडावी आणि न पिळता सरळ वर ओढावी. जागा साबण-पाण्याने धुवावी. तारीख लिहून ठेवावी आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला, तर ती तारीख डॉक्टरांना सांगावी.