माशाचा आकार आणि पाण्याचा वेग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नद्यांविषयीच्या चर्चेत पाण्याचे प्रमाण आणि प्रदूषण यांवर भर असतो. पाण्याचा वेग मात्र दुर्लक्षित राहतो, आणि माशांच्या दृष्टीने तोही तितकाच महत्त्वाचा आहे. वाहत्या पाण्यातल्या ट्राउटचे शरीर दोन्ही टोकांना निमुळते असल्याने पाण्याचा विरोध कमी होतो. याउलट संथ पाण्यात, वनस्पतींच्या दाटीत राहणारा एंजलफिश उभट आणि दोन्ही बाजूंनी चपटा असतो, त्यामुळे तो देठांमधून अलगद वळतो. डोंगरी ओढ्यांतील काही लोच माशांचे तर पोटच सपाट असते आणि त्यांचे पसरट पर दगडाला इतके घट्ट चिकटतात, की प्रवाह अंगावरून निघून जातो. ही रचना पाहताना मन थक्क होते.

माशाच्या आकारावर शत्रूचाही परिणाम होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पाइक हा शिकारी मासा सोडलेल्या पाण्यातील क्रूशियन कार्प जातीचे मासे अधिक उंच अंगाचे झाले, त्यामुळे ते पाइकच्या जबड्यात मावणे अवघड झाले.

म्हणूनच बंधारा घालून प्रवाह अडवल्यावर केवळ मासे आहेत एवढी नोंद पुरत नाही. वाहत्या पाण्यासाठी घडलेल्या जाती तेथे टिकल्या का, हेही तपासावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक