९९ टक्के म्हणजे काहीच नाही

कोलंबस, ओहायो
९ एप्रिल २०२४

प्रिय आई-बाबा,

पाडव्याचा नमस्कार. काल सूर्यग्रहण बघायला गेलो होतो, फोन करते म्हणून केला नाही, आई फुगली असशील. आम्ही घरात शिरलो तेव्हा इकडे रात्रीचे नऊ, म्हणजे तुमच्याकडे गुढीची गडबड. जाताना दीड तास लागला आणि येताना पाच, अख्खा ओहायो एकाच रस्त्यावर, घोडबंदर रोड बरा म्हणायची वेळ आली.

आई तू म्हणत होतीस की तुमच्या घरून ग्रहण ९९ टक्के दिसतंय तर एका टक्क्यासाठी कुठे तडफडता. खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. पण खग्रासचा, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो तो, पट्टा मेक्सिको, टेक्सास, इंडियाना करत ओहायोवरून पुढे कॅनडात जाणार, रुंदी साधारण दोनशे किलोमीटर, आणि आमचं घर नेमकं त्याच्या जरासं बाहेर. म्हणून वापाकोनेटाला गेलो. बाबा, हे नील आर्मस्ट्राँगचं गाव! चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाच्या गावात चंद्राचीच सावली अंगावर घ्यायची, हे मला फार आवडलं.

आई, तू दिलेला झारा सोबत नेला होता. हसू नकोस. पांढऱ्या कागदावर त्याची सावली धरली तर प्रत्येक भोकाची एकेक चंद्रकोर पडली, बाजूच्या अमेरिकन आजी ग्रहणाचा चष्मा सोडून झाऱ्याकडेच बघत बसल्या, हे कशाचं म्हणून विचारलं, म्हटलं बुंदीचं.

आणि तो एक टक्का. अगदी बारीक कड उरली तरी ऊन होतंच, सावल्या पडत होत्या, फक्त उजेड स्टीलच्या ताटावरून परतल्यासारखा थंडगार. मग तीन वाजून नऊ मिनिटांनी सूर्याचा शेवटचा ठिपका अंगठीतल्या हिऱ्यासारखा चमकला आणि बटण दाबल्यासारखा अंधार. चष्मा काढला (तेवढ्या चार मिनिटांपुरताच काढायचा, नंतर लगेच परत लावायचा), काळी थाळी, भोवती पांढरे केस पिंजारल्यासारखा प्रभामंडल, खालच्या कडेला टिकलीएवढा गुलाबी ठिपका, ती सूर्याची ज्वाला म्हणे. बाजूला भरदुपारी शुक्र. क्षितिजावर मात्र चारी बाजूंनी संध्याकाळ. मी फोटो काढायचे विसरले, रडत होते बहुतेक.

बाबा, २००९ आठवतं? जुलैची २२ तारीख, सकाळी सहाला तुम्ही आणि मी गच्चीवर छत्री घेऊन, सुरतला खग्रास आणि ठाण्यात नुसते ढग, आणि तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, झालं असेल बहुतेक. काल तुम्ही हवे होतात.

वेध पाळले नाहीत, सांगून टाकते. तुळस थंडीत गेली, मग डब्यातल्या पोळीभाजीवर पान कुठलं ठेवणार. पण सुटल्यावर नौपाड्यातली ती "दे दान सुटे गिराण" हाक कानात आली, आणि मैदानात दोन पोरं लिंबूसरबत विकत होती त्यांना पाच डॉलर जास्तीचे देऊन आले. घरी येऊन आंघोळही केली, म्हणजे तुझं अर्धं तरी ऐकलं.

आता २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये खग्रास आहे, लक्झरला सहा मिनिटांच्या वर, आणि तिथल्या ऑगस्टमध्ये ढगांचं नाव नाही. उन्हाळा मरणाचा, पण आई, झारा मी आणते. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय ना, या आठवड्यात रिन्यूला टाका.

तुमची,
मनू