दंड माफ करा, पण सही करून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन येतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतात, वाचनसंस्कृतीवर भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या काउंटरवर पुन्हा आम्ही आणि आमचे सभासद. सांगलीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी नोकरी करते. बहुतेक सभासद सज्जन आहेत, पण जे मोजके तसे नाहीत ते पुरून उरतात.

वाचनकक्ष उघडून अर्धा तास होत नाही तोवर पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवून झालेलं असतं. नोकरीच्या जाहिरातीचा चौकोन ब्लेडनं कापून नेलेला. आठ दिवसांसाठी दिलेला दिवाळी अंक संक्रांतीला उगवतो, तोही मुखपृष्ठाविना. पानावरचा हळदीचा डाग दाखवला की "तो आधीपासूनच होता!" 2019 च्या महापुरात गावभागातल्या कित्येकांच्या घरी पुस्तकांचा लगदा झाला, त्यांच्याकडे आम्ही भरपाईचा विषयही काढला नाही. पण तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांकडची कादंबरीही म्हणे पुरातच गेली.

हे सगळं एक वेळ चालवून घेऊ. खरा मनस्ताप पुढे आहे. विलंबशुल्क मागितलं की काही जण पाकीट नाही, मोबाइल काढतात. कार्यकारिणीतल्या कुणाला तरी फोन लागतो आणि तो माझ्या हातात दिला जातो. "जाऊ द्या हो मॅडम, आपलेच आहेत ते." झालं, दंड माफ! मागे रांगेत सुट्टे पैसे मुठीत धरून उभ्या असलेल्या आजी हे सगळं बघत असतात. त्यांची पावती फाडताना मला मान वर करवत नाही. वर्षाअखेरच्या पुस्तकमोजणीत एखादं पुस्तक कमी भरलं, तर जाब मलाच. त्या फोनची नोंद कुठल्याच वहीत नसते.

"आमच्या वर्गणीवर तुमचा पगार होतो," असंही ऐकवतात. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार शासनाचं अनुदान मिळतं, आमचा पगार मुख्यतः त्यातून होतो. किती होतो आणि कधी होतो, ते न विचारलेलंच बरं.

शहरातल्या वाचनालयांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. अडचण कुणालाही येते, माफी जरूर द्या. पण त्यासाठी काउंटरवर एक वही ठेवा आणि कुणाला, किती, कशासाठी माफ केलं ते लिहून खाली स्वतः सही करा. दुसरं म्हणजे अनामत. आमच्याकडे ती कोण जाणे कधी ठरलेली आहे, आणि आज जाडजूड कादंबरी 400-500 रुपयांच्या खाली येत नाही. पुस्तक परत करण्यापेक्षा अनामत सोडून देणं स्वस्त पडतं, हे काही सभासदांना आमच्याआधी कळलंय. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे दोन्ही विषय यावेत.

- एक ग्रंथालय कर्मचारी, सांगली